दक्षिणेच्या बाल्कनीतलं लेट्यूस: धायरीतल्या एका घराचं प्रकरण

पुण्याच्या धायरी भागातला सहाव्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. हॉलला लागून दक्षिणेकडे उघडणारी बाल्कनी, १० फूट लांब आणि ४ फूट खोल. कठडा ३ फुटी, भरीव. डोक्यावर सातव्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब, बाल्कनीच्या फरशीपासून साडेनऊ फुटांवर. ही मापं आधीच देतोय, कारण या प्रकरणात जे बिघडलं आणि पुढे जे जमलं, त्याचं निम्मं उत्तर या मापांतच आहे.

घरात चौघं. काकू मूळच्या जळगावकडच्या, मुलगा-सून नोकरीवाले, नात पाचवीत. सॅलडची हौस सुनेची. तिला डब्यात रोज काहीतरी हिरवं, कच्चं हवं असायचं. दुकानातलं लेट्यूसचं पाकीट एकदा उघडलं की दोन दिवसांत पानांच्या कडा काळ्या-चिकट होतात, हा तिचा त्रागा रास्त होता. तिने ऑनलाइन पाच काळे प्लास्टिकचे ट्रे मागवले, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा आणल्या, आइसबर्ग आणि रोमेन या लेट्यूसच्या प्रकारांचं बी आणलं आणि एका इंग्रज माळ्याचा व्हिडिओ बघून मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेरणी केली. व्हिडिओत ‘स्प्रिंगमध्ये पेरा’ असं सांगितलं होतं. आपल्याकडे त्या सुमाराला पंखे सुरू झालेले असतात, हे त्या माळ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

बाल्कनीतल्या बागा मार्गी लावून देणं हे माझं काम. मला बोलावलं ते मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि तेही ‘खत कोणतं घालू?’ एवढंच विचारायला.

मागच्या भिंतीला लागून दोन कप्प्यांचा लोखंडी स्टँड, त्यावर ट्रे. तीन ट्रेंमध्ये मातीखेरीज काही नव्हतं. उरलेल्या दोहोंत काही दांडे, हातभर उंच, पेन्सिलीएवढे जाड, वर टोकदार आणि आखूड पानं. कांद्याला डेंगळे येतात तसा लेट्यूसलाही मधून फुलाचा दांडा सुटतो, आणि तो सुटला की खाण्यापुरतं पीक संपलं. एक पान तोडलं तर देठाशी पांढरा चीक आला. चव घेतली, कारल्याच्या जवळपास. काकू बाजूलाच उभ्या होत्या. म्हणाल्या, “अहो, ह्याला ना चव ना ढव. हिला सांगितलं मेथी लाव, तर ऐकत नाही.”

सूनबाईंची समजूत अशी, की खत कमी पडलं म्हणून पान कडू झालं. प्रत्यक्षात तसं नव्हतं. चिकातलं कडू द्रव्य लेट्यूसमध्ये जन्मजात असतं. झाड उन्हाळ्याच्या तडाख्यात सापडलं आणि फुलोऱ्याकडे वळलं की ते वाढतं. खत घालून ते कमी होत नाही.

मग एकेक धागा सोडवत गेलो.

तीन ट्रे रिकामे का? पहिलं कारण गरमी. लेट्यूसचं बी १५ ते २० अंशांत सुखाने उगवतं. माती तिशीच्या आसपास गेली की बरंचसं बी चक्क झोपून राहतं, मरत नाही पण उगवतही नाही. भिंतीला टेकलेल्या काळ्या ट्रेमधली माती मार्चच्या दुपारी तिशीवर जाणारच. दुसरं कारण खोली. हे बी जिऱ्याहून बारीक, एका ग्रॅमला आठशे-हजार भरतं, आणि त्याला उगवायला उजेड लागतो. सूनबाईंनी ते मेथीसारखं अर्धा इंच मातीखाली गाडलं होतं.

जी रोपं आली ती टिकली का नाहीत? यातला एक भाग तापमानाचा. लंडनला जुलैत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, दिवसाचं कमाल तापमान सरासरी २३-२४ अंश असतं. पुण्यात डिसेंबरची दुपारसुद्धा २९-३० ची. आपला सगळ्यात थंड महिना त्यांच्या सगळ्यात गरम महिन्यापेक्षा दुपारी गरम. पुण्यात लेट्यूस येतं ते हिवाळ्यातल्या ११-१२ अंशांच्या रात्रींच्या जिवावर. मार्चमध्ये त्या रात्री निघून जातात आणि दुपार पस्तिशीच्या पुढे सरकते. आइसबर्गचा गड्डा बांधायला तर लांबलचक थंडी लागते. तो बाल्कनीत करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पानांच्या कडा करपल्या होत्या, त्याचं कारण पाण्यात आणि कोकोपीटमध्ये मिळालं. सोसायटीला उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. ट्रेच्या कडेला बोट फिरवलं तर पांढरी पूड लागली. त्यात कोकोपीट न धुता वापरलेलं. नारळाच्या काथ्यात मुळातच क्षार असतात, विशेषतः सोडियम आणि पोटॅशियमचे. वीट भिजवून, फडक्यात पिळून, पुन्हा भिजवून असं दोन-तीनदा केल्याशिवाय ती पालेभाजीला देऊ नये. गरमीत मुळांभोवती क्षार साठले की कोवळ्या पानांच्या कडांना कॅल्शियम पोहोचत नाही आणि त्या आधी जळतात.

आता उजेड. खरी गाठ इथे होती.

मी गेलो त्या दिवशी भर दुपारी बाल्कनीत उन्हाचा कवडसाही नव्हता. ‘दक्षिणेची बाल्कनी म्हणजे भरपूर ऊन’ असं घर घेताना बिल्डरच्या माणसाने सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं, फक्त अर्धवट होतं. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे या काळात दक्षिणेच्या बाल्कनीला माथ्यावरचं ऊन मिळतच नाही, आणि त्याच्या आगेमागे महिनाभर वरचा स्लॅब ते अडवून धरतो. याउलट हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि ऊन स्लॅबखालून आत शिरतं.

हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून नातीला एक काम दिलं. दर महिन्याच्या २१ तारखेला, शाळेला सुट्टी नसेल तर त्या आठवड्याच्या रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास ऊन जिथवर पोहोचतं तिथे खडूने रेघ मारायची. बारा वाजता नाही, कारण पुण्याचा सूर्य घड्याळाच्या मागे चालतो, त्याचा माथा साडेबाराच्या आगेमागे येतो. ऑगस्टची रेघ ढगांमुळे हुकली. सप्टेंबरची रेघ कडेपासून सव्वातीन फुटांवर आली. ऑक्टोबरात ऊन मागच्या भिंतीवर चढलं, सव्वादोन फुटांपर्यंत. नोव्हेंबरात साडेचार फुटांच्या जरा खाली आणि डिसेंबरात पाच फुटांवर, पोरीच्या डोक्याच्याही वर. त्यानंतर रेघा पुन्हा उतरायला लागल्या. भूमिती येणारा माणूस हे आकडे कागदावर काढू शकतो, मीही काढले होते. पण भिंतीवरच्या रेघा बघून घरातल्या चौघांनाही जे कळलं, ते माझ्या कागदावरून कळलं नसतं.

त्या रेघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. डिसेंबरात कठड्याची सावली फरशीवर पावणेतीन फूट आत येते. म्हणजे कठड्याच्या पायथ्याशी ठेवलेली कुंडी ऐन हंगामात अंधारात, आणि भिंतीलगतचा स्टँड उन्हात. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, कुंड्या कठड्याला लावतात कारण ‘बाहेर ऊन असतं’.

मराठीत घरच्या भाजीच्या ज्या यशोगाथा वाचायला मिळतात त्या बहुतेक गच्चीच्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्यावर फुलवलेली बाग हे त्यातलं गाजलेलं आणि खरोखर शिकण्यासारखं उदाहरण. पण गच्चीला आभाळ मोकळं असतं, बाल्कनीला ते फटीतून मिळतं. गच्चीचं वेळापत्रक बाल्कनीत आणलं की घोळ होतो.

तर मे महिन्यात मी त्यांना काय करायला सांगितलं? लेट्यूसचं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दसऱ्यापर्यंत विसरून जा. सूनबाईंचा चेहरा पडला. पाच महिने सॅलड नाही?

इथे काकू कामाला आल्या. खानदेशात, विदर्भात आणि मराठवाड्यातही कच्च्या पाल्याची सवय जुनी आहे. मेथी बारीक चिरून त्यात कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वर कच्चं तेल, हा घोळाणा त्यांच्या घरी जेवणात नेहमीचा. कोवळ्या करडईच्या पानांचाही करतात. मुळ्याचा पाला, कांद्याची पात, शेतात आपोआप उगवणारी पाथरी, हे सगळं आपलं सॅलडच, फक्त आपण त्याला कोशिंबीर किंवा तोंडी लावणं म्हणतो. मेथीला तीव्र ऊन लागत नाही, निदान कोवळी खायची असेल तर. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या बोटभर जुड्या मिळतात, किनाऱ्याच्या रेतीत दाट पेरून लहानपणीच उपटलेल्या. तोच प्रकार ट्रेमध्ये करायचा. स्वयंपाकघरातली मेथी रात्रभर भिजवायची, दोन इंच मातीवर दाट पसरायची, वर पातळसा थर, आणि दहा-बारा दिवसांत कात्रीने कापायची. मोहरी, मुळा, राजगिरा यांचंही असंच. एवढ्या वयात रोप बियातल्या शिदोरीवरच वाढत असतं, त्यामुळे नुसत्या उजेडात भागतं. ज्या महिन्यांत बाल्कनीत ऊन नाही, त्या महिन्यांत बियातलं खायचं, असा साधा हिशेब.

सूनबाईंनी जून ते सप्टेंबर तेच केलं. पावसाळ्यात एकदा मोहरीची रोपं एका रात्रीत बुडाशी मऊ पडून आडवी झाली. दाट पेरणी, दमट हवा आणि संध्याकाळी घातलेलं पाणी, यातून बुरशी लागते. पुढच्या वेळी सकाळी पाणी घातलं, बी थोडं विरळ पेरलं, तेवढ्यावर भागलं. भाजीबरोबर आणलेल्या पुदिन्याच्या काड्या खोचल्या त्या मात्र पावसाळ्यात माजल्या. त्यांना ही सावली मानवली.

दसऱ्यानंतर खरी पेरणी. तोवर ट्रे बदलायचे नव्हते, फक्त काळ्या प्लास्टिकला बाहेरून पांढरा रंग फासला. मिश्रण नव्याने केलं: धुतलेलं कोकोपीट, गांडूळखत आणि माती समसमान, वर मूठभर निंबोळी पेंड. ट्रे दोन फूट लांब, आठ इंच रुंद, सहा इंच खोल. लेट्यूसची मुळं उथळ असतात, त्याला एवढी खोली पुरते. नुसती ओली माती भरली असती तर असा एक ट्रे तीस किलोंच्या आसपास गेला असता. या मिश्रणाचा बराच हलका होतो. स्टँडला चाकं लावायची होती, म्हणून वजन महत्त्वाचं.

एक गोष्ट मी निक्षून सांगितली, आणि ती इथेही सांगतो. कोणीतरी त्यांना दर आठवड्याला जीवामृत ओतायला सांगितलं होतं. शेतात ठीक आहे, वांग्या-टोमॅटोला ठीक आहे. पण जे पान न शिजवता तोंडात जाणार आहे, त्यावर ताज्या शेण-गोमूत्राचं द्रावण शिंपडणं मला मान्य नाही. पूर्ण कुजलेलं खत मातीत मिसळा, पानावर फक्त पाणी.

बी पेरताना ऑक्टोबरचा उकाडा आडवा येतो, म्हणून एक युक्ती. ओल्या टिश्यू पेपरवर बी पसरून, डबीत घालून, दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये. मग ते मातीवर नुसतं दाबायचं, झाकायचं नाही, आणि फवाऱ्याने पाणी. झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात वाहून जातं. रोपं चार पानांची झाली की वीतभर अंतरावर हलवायची. वाण बदलले: गड्डा न होणारे, सुट्या पानांचे, लाल लोलो रोसो आणि ओकलीफ. सोबत अरुगुला ही तिखटसर पानांची सॅलडची भाजी, जी महिनाभरात तयार होते. उत्तरेकडे जिरायती शेतात तेलासाठी पेरतात तो तारामीरा म्हणजे हीच. फॅन्सी दुकानात तिला मिळणारा भाव बघून त्या शेतकऱ्यांना हसू येईल.

आणि सगळं एकदम पेरायचं नाही. दर पंधरा दिवसांनी एक ट्रे. पहिल्या खेपेला एकाच दिवशी पेरल्यामुळे, जगलं असतं तरी सगळं एकदमच खावं लागलं असतं. कापणी बाहेरच्या पानांची, मधला कोंभ शाबूत ठेवून. पहाटेच्या पानात पाणी भरलेलं असतं, म्हणून डब्यासाठी पान सकाळी सातच्या आत तोडायचं, हा सूनबाईंनी स्वतः काढलेला नियम. मी तो आता इतरांना सांगतो.

दिवाळीनंतर पाने यायला लागली ती फेब्रुवारीपर्यंत. किती आली? घराला पुरेल इतकी नाहीत. आठवड्यातून तीन-चारदा वाटीभर, एवढीच अपेक्षा पाच ट्रेंकडून ठेवावी. पैसे वाचले का? नाही वाचले, ट्रे-स्टँड-खताचा खर्च धरला तर मंडई स्वस्त. पण नात, जी एरवी हिरवं पान बाजूला सारते, स्वतः तोडलेलं पान तिथेच उभ्याने खाते, असं तिची आई सांगते. त्याची किंमत ज्याने त्याने ठरवावी.

अडचणी आल्या त्या बागकामाच्या कमी आणि सोसायटीच्या जास्त. पाचव्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी ठिबकलं आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडला. काकू स्वतः खाली जाऊन आल्या, सोबत वाटीभर घोळाणा घेऊन, आणि प्रकरण तिथे मिटलं. ट्रेखाली ताटल्या ठेवल्या, पण साचलेलं पाणी रोज ओतून टाकायचं, नाहीतर डासांची पैदास घरातच. कबुतरांनी कोवळी रोपं दोनदा उपटली. जाळी लावली. जाळीमुळे थोडा उजेड कमी होतो हे खरं, पण कबुतराची विष्ठा कच्च्या पानावर पडण्यापेक्षा ते परवडलं. जानेवारीत मावा आला, पानांच्या पाठीवर, देठाजवळ. पाण्याचा जोरदार फवारा आणि बोटांनी पुसणं, एवढ्यावर आवरला. लहान बागेचा हा फायदा, प्रत्येक पान हाताखालून जातं.

फेब्रुवारीच्या मध्याला स्टँडचा वरचा कप्पा सावलीत गेला. रेघांमुळे हे आधीच माहीत होतं. स्टँड ढकलून दोन फूट पुढे आणला, तेवढ्याने आणखी काही आठवडे मिळाले. होळीच्या सुमाराला पहिलं रोप मधून उंच व्हायला लागलं. सूनबाईंनी पान तोडून चीक बघितला आणि त्याच दिवशी सगळे ट्रे रिकामे करून मेथी भिजत घातली. मला फोन केला तो फक्त कळवायला.

आता त्याच इमारतीतल्या पूर्वेकडच्या फ्लॅटवाल्यांना हेच सगळं जसंच्या तसं हवंय: तेच ट्रे, तोच स्टँड, तेच बी. त्यांची बाल्कनी बाराही महिने सकाळी दहा-अकरापर्यंत उन्हात असते आणि दुपारी सावलीत. तिथे लेट्यूसचा हंगाम कदाचित थोडा लांबेल, उन्हाळ्यात लाल माठ आणि घोळाची भाजी येईल, जी या घरात मेमध्ये आली नसती. त्यांच्या मुलाला खडू दिला आहे. बी कोणतं, ते अजून सांगितलेलं नाही.